पारामागचा तिसरा डबा

त्रिविक्रम देवस्थळींना राग यायला कारण लागत नाही, असं जे म्हणतात त्यांचा देवस्थळींना विशेष राग येतो. कारण असतंच. बंगळूरात तर ते पावलोपावली पडलेलं असतं. फुटपाथवर चढलेल्या स्कूटर, त्यामुळे फुटपाथवरून रस्त्यावर उतरलेली माणसं, सांबारात घातलेला गूळ, आणि कशाबद्दलही तक्रार केली की हसत हसत मिळणारं ‘स्वल्प अडजस्ट माडि’ हे उत्तर. थोडं सांभाळून घ्या म्हणे! देवस्थळींनी सत्तावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं होतं. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्याला लेखी कळवायच्या, यावर त्यांचं घर चाललं होतं. अशा माणसानं संध्याकाळी निघताना आपले डोळे ऑफिसच्या खणात ठेवून यावेत, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

पण या खेपेला राग येऊन चालणार नव्हतं, आणि अडचण नेमकी तीच होती.

त्याचं असं झालं. जयनगरातल्या मराठी मंडळाची डिसेंबरची बैठक चालू होती. संक्रांतीनिमित्त काय करायचं, हा विषय होता. दरवर्षी जे होतं तेच करायचं, असं सगळ्यांचं एकमत होत आलं होतं. म्हणजे तिळगूळ, हळदीकुंकू आणि मग यंत्रावर वाजणाऱ्या संगीतासोबत सभासदांचं गाणं. देवस्थळी उभे राहिले. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमातल्या अकरा उणिवा त्यांनी कागदावर लिहून आणल्या होत्या. चौथ्या उणिवेला अध्यक्षीणबाईंनी त्यांना थांबवलं.

अध्यक्ष म्हणजे महानंदा अक्का. मूळच्या निपाणीच्या, चाळीस वर्षं जयनगरात. मराठी बोलता बोलता कानडीत कधी शिरतात आणि परत कधी येतात ते त्यांनाही कळत नाही.

“देवस्थळीसाहेब,” अक्का म्हणाल्या, “दर मीटिंगला तुम्ही उभं राहताय आणि दर मीटिंगला नको म्हणताय. औंदा तुम्हीच काय ते करा की! सरी, ठरलं मग. लिहून घ्या गं कुणीतरी.”

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती देवस्थळींच्या बायकोनं, अलकानं. याचाही त्यांना राग आला, पण तो त्यांनी घरी जाईपर्यंत राखून ठेवला.

घरी तो काढायची वेळच आली नाही. अलकानं पानं घेतली आणि शांतपणे सांगितलं, “अहो, हौसेनं करा. पण एक शब्द द्या. यात कुणाशी भांडायचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही ते तीन पानी पत्र टाकलंत, तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. गाण्याच्या क्लासात तुम्ही बाईंची पेटी बेसूर आहे म्हणालात, मग मी कुठल्या तोंडानं जाणार होते? आठ वर्षं झाली या गावात येऊन. मला बोलायला माणसं आहेत ती या मंडळात. तिथंही बिनसलं तर मी कुणाकडे जाऊ?”

पेटी बेसूरच होती. पण अलकाच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून देवस्थळींनी ते पुन्हा सिद्ध करत बसण्याऐवजी शब्द दिला. कार्यक्रम पार पडेपर्यंत कुणावरही आवाज चढवायचा नाही.

आता कार्यक्रम. देवस्थळी एकदा कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेले होते, तिथं त्यांनी जिओकॅशिंग नावाचा खेळ पाहिला होता. एकानं एक डबा कुठंतरी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतरांना द्यायचे. इतरांनी फोनवर बघत बघत तिथं पोचायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची. डब्यात लहानसहान वस्तू असतात. त्यातली एखादी घेतली तर तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा परत लपवायचा. ना आरडाओरडा, ना पंगत, ना भाषण. शिस्तीचा आणि डोक्याचा खेळ. रात्री बॅटरी घेऊन खेळला तर आणखीच मजा, कारण झाडांना आधीच चमकत्या टाचण्या लावून ठेवलेल्या असतात आणि उजेड पडला की त्या वाट दाखवतात. मराठी माणसाला अंधारात का होईना पण शिस्त लागावी, असा उदात्त हेतू मनात धरून देवस्थळी कामाला लागले.

आणि सल्ले सुरू झाले. नागपूरहून आलेली, आयटीतली शाल्मली म्हणाली, “काका, वही कशाला? ॲप बनवून टाकू ना, टू डेज मॅक्स.” दोन दिवसांत बनलेली ॲपं तपासण्यात देवस्थळींचा जन्म गेला होता. त्यांनी दातावर दात दाबून तिचे आभार मानले. भीमसेन हुद्दार नावाचे एक निवृत्त सभासद रोज सकाळी फिरायला जाताना दारात थांबत. त्यांचं म्हणणं असं की अंधारात पाय मुरगळण्यापेक्षा डबे मंडळाच्या हॉलमध्येच खुर्च्यांखाली ठेवावेत आणि दिवे चालू ठेवावेत.

“मग शोधायचं काय?” देवस्थळींनी विचारलं.

“शोधायचं कशाला? खुर्ची उचलली की दिसेल ना,” हुद्दार म्हणाले.

देवस्थळी आत जाऊन दोन पेले गार पाणी प्याले.

जागा ठरली ती घराजवळची बाग. बाग रात्री आठला बंद होते, म्हणून सात ते आठची परवानगी काढायला देवस्थळी उद्यानाच्या कचेरीत गेले. कानडी त्यांना येत नव्हती. आठ वर्षांत ती शिकून घेण्याइतकं त्यांना इथल्या कुणाशी बोलायचंच नव्हतं. अलका भाजीवाल्याशी काय ते स्वल्प-बिल्प बोलते, तेवढं घराला पुरेसं आहे असं त्यांचं मत होतं. तेव्हा संभाषण हिंदीत झालं.

“क्या ढूँढेंगे सार?” कारकुनानं विचारलं.

“डिब्बा.”

“किसका खो गया?”

“किसीका नहीं. मैं छुपाऊँगा.”

“तो आपको मालूम है किधर है.”

“मुझे मालूम है. उनको नहीं मालूम.”

“तो बोल दीजिए ना सार उनको,” कारकून कळवळून म्हणाला. “फोन नहीं है क्या?”

देवस्थळींच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण शब्द दिलेला होता. त्यांनी मनात शंभरपासून उलटे आकडे मोजले. तोवर कारकुनानं अर्ज समोर ओढला. अर्जावर चारच प्रकार छापलेले होते: चित्रीकरण, पुतळ्याला हार, योगासनं आणि लग्नाचे फोटो. कारकुनानं बराच विचार करून योगासनांपुढे खूण केली, शिक्का मारला आणि ‘अडजस्ट माडि सार’ म्हणत कागद हातात दिला. देवस्थळी तो कागद घेऊन बाहेर आले आणि बाहेरच्या खांबाला त्यांनी एक लाथ मारली. खांबावर आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे शब्द मोडला असं म्हणता येणार नाही.

मग त्यांनी सूचनापत्रक तयार केलं. चार पानं, एकोणीस कलमं. पायात बूट हवेत, कपडे फिक्या रंगाचे हवेत, बॅटरीच्या तोंडाला पतंगाचा लाल कागद लावलेला हवा. कारण पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात आणि मग अंधारात दिसत नाही. हे शास्त्र आहे. नववं कलम वस्तू घेण्या-ठेवण्याचं होतं. मंडळाच्या सेहेचाळीस सभासदांना हे पत्रक गेलं आणि सेहेचाळीसांपैकी एकानंही ते उघडलं नाही. अशा वेळी लोक जे करतात तेच त्यांनी केलं. त्यांनी महानंदा अक्कांना फोन करून विचारलं, काय आहे हो हे? अक्कांनीही पत्रक वाचलं नव्हतं, पण अलकाकडून त्यांनी सगळं समजून घेतलं होतं. त्यांनी सगळ्या बायकांना आवाजी निरोप पाठवला.

“बायांनो, काही घाबरायचं नाही. डब्यातलं एक घ्यायचं, आपलं एक ठेवायचं. म्हणजे वाणच की! संक्रांतीचं लुटायचं, फक्त अंधारात. बॅटरीला पतंगाचा लाल कागद लावा आणि नटूनथटून या.”

हा निरोप देवस्थळींना आला नाही, कारण तो बायकांच्या ग्रुपवर होता. आला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि मंडळही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी पावणेसातला देवस्थळी बागेच्या फाटकात उभे राहिले. दुपारीच त्यांनी तीन डबे लपवले होते. पहिला बाकाच्या मागच्या पायाशी, दुसरा भिंतीलगतच्या मोठ्या झाडाच्या ढोलीत, तिसरा बागेच्या कोपऱ्यातल्या पिंपळाच्या पारामागे. त्या पारावर नागाचे कोरीव दगड आहेत. आजूबाजूच्या घरातल्या बायका मंगळवारी तिथं हळद वाहतात. “तिथं नको हो,” असं अलकानं म्हणून पाहिलं होतं. पण दगडांपासून डबा चार फूट लांब होता, आणि पाराची जागा फोनवर फार सुबक दिसत होती.

सातला मंडळी आली. देवस्थळींनी मोजून पाहिली. बावीस माणसांतल्या चौदा बायका नखशिखांत काळ्या साड्यांत होत्या. संक्रांतीला काळं नेसायचं नाही तर कधी नेसायचं? प्रत्येकीच्या हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातात बॅटरी. बॅटरीला लाल कागद मात्र सगळ्यांनी लावला होता. एकोणीस कलमांतलं नेमकं एकच पाळायचं, आणि तेही हेच, याला काय म्हणावं?

“फिके कपडे लिहिले होते मी,” देवस्थळी शक्य तितक्या हळू म्हणाले.

“हो का?” अक्का म्हणाल्या. “काळं शोभत नाही होय आम्हाला?”

अलका तिकडून बघत होती. देवस्थळी म्हणाले, “शोभतं.”

पहिला डबा चार मिनिटांत सापडला. बायका लहान मुलींसारख्या ओरडल्या. सह्या झाल्या. अलका इतकी हसत होती की तिला अक्कांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. देवस्थळींनी ते लांबून पाहिलं आणि त्यांना जरासं बरं वाटलं. मग त्यांनी उरलेल्या दोन्ही डब्यांचे आकडे दिले.

दाट झाडाखाली फोन जागा चुकीची दाखवतो. हे देवस्थळींना ठाऊक होतं, पत्रकात त्यावर एक कलम होतं, आणि तरी स्वतः आकडे टिपताना त्यांनी दोनदा तपासले नव्हते. सत्तावीस वर्षं लोकांना जी चूक दाखवली, ती त्यांनी स्वतः केली. दुसऱ्या डब्याचे आकडे झाडाच्या ढोलीचे नव्हते, भिंतीपलीकडच्या घराच्या अंगणाचे होते. ते घर होतं रघुपती यांचं. रघुपती म्हणजे त्या बागेच्या नागरिक समितीचे सेक्रेटरी. बागेत शिट्टी वाजवत फिरणारा आणि बाकावर पाय घेऊन बसलेल्याला उठवणारा माणूस. जेवायला बसलेल्या रघुपतींनी खिडकीतून बाहेर पाहिलं, तेव्हा काळ्या साड्यांतल्या पाच बायका त्यांच्या कढीपत्त्याच्या कुंडीत लाल उजेड पाडून काहीतरी उकरत होत्या.

रघुपती ओरडत बाहेर आले. बायका बागेत पळाल्या. रघुपती मागे. त्यांच्या मागे त्यांची बायको, हात धुवायचा राहिलेली. बागेत शिरताच रघुपतींना कोपऱ्यात आणखी लाल उजेड दिसला आणि ते तिकडे वळले.

तिथं तिसरा डबा केव्हाच सापडला होता. त्या पाच जणीही आधी तिथं सही करून, वाण ठेवून मगच दुसऱ्याच्या शोधात गेल्या होत्या. डबा बाराच इंचांचा, आणि वाण चौदा जणींचं. मावणार कसं? म्हणून बायकांनी ते व्यवस्थित पारावर मांडलं होतं. मातीची सुगडं, त्यांत बोरं, गाजरं, उसाचे करवे. शेजारी हळदीकुंकवाच्या पुड्या, सुपाऱ्या, खण. वाण म्हटलं की दिवा हवा, म्हणून मधोमध कुणीतरी एक पणती लावली होती. आणि भोवती काळ्या साड्या आणि लाल बॅटऱ्या. अंगावर काटा यावा असंच ते दिसत होतं, हे देवस्थळींनाही मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

“एनू इदू? माटा-मंत्रा?” रघुपती गरजले. करणी, जादूटोणा! मग देवस्थळींकडे वळून, “कौन है तुम लोग? नाग देवता के सामने? ब्लॅक मॅजिक इन माय पार्क?”

त्यांनी फोन लावला. गस्तीवरचा हवालदार फाटकापाशीच होता, तो लगेच आला. देवस्थळींनी परवानगीचा कागद पुढे केला. हवालदारानं बॅटरीच्या लाल उजेडात तो वाचला.

“इसमें योगा लिखा है.”

“हाँ.”

“कौन सा आसन है ये?”

मागे शाल्मली फिसकन हसली. देवस्थळींच्या कानातून वाफ निघायची तेवढी बाकी होती. हवालदारानं डबा उघडला. आत वही होती. वहीत बावीस नावं होती आणि वरच्या पानावर कुंकू सांडलं होतं.

“ये नाम किसके हैं?” आता हवालदाराचा आवाज बदलला. “इनको क्या करने वाले हो?”

“अरे, यही लोग हैं!” देवस्थळी म्हणाले. “अपना अपना नाम खुद लिखा है!”

“खुद लिखा?” हवालदार एक पाऊल मागे सरला.

रघुपती बोलतच होते. बाहेरून येणारे लोक, त्यांना इथल्या रीती कळत नाहीत, बाग यांच्या बापाची नाही, सगळ्या बायकांना ठाण्यावर न्या. अक्का बिचाऱ्या कानडीत समजावत होत्या, तर त्यांनाच ते म्हणाले की तुमच्यासारख्या वयस्कर बाईनं तरी लाज बाळगायची. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा बायकांचं हसणं कुठल्या कुठं गेलं. दोघी-तिघी पिशव्या गोळा करायला लागल्या. पुढच्या बैठकीला यातल्या किती येतील, आणि आल्या तर देवस्थळींच्या बायकोशेजारी कोण बसेल, हे स्पष्ट दिसत होतं.

आता मात्र देवस्थळींचा बांध फुटला. महिनाभर गिळलेला सगळा राग, हुद्दार, कारकून, खांब, योगासनं, सगळं एकदम घशाशी आलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, बोट वर केलं आणि तोंड उघडलं.

“स्वल्प केळ्री इल्लि!” जरा इकडे ऐका!

हे ते बोलले नव्हते. अलका बोलली होती. ती देवस्थळी आणि रघुपती यांच्या मधे येऊन उभी राहिली होती, आणि कानडीत बोलत होती. भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं नाही. चांगलं सपासप, न अडखळता, हात कमरेवर ठेवून. देवस्थळींना त्यातलं अवाक्षर कळेना. पण आवाज असा होता की त्यांचं वर केलेलं बोट आपोआप खाली आलं. हवालदारानं टोपी काढून काखेत धरली. रघुपतींनी एकदा मधे बोलायचा प्रयत्न केला, तर त्यांच्याच बायकोनं खरकट्या हातानं त्यांना गप्प बसायची खूण केली. ती बाई अलकाच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. दोन वाक्यांना तर तिनं ‘हौदू, हौदू’ असा होकारही भरला.

चार-पाच मिनिटांनी अलका थांबली. मग रघुपती घसा खाकरून म्हणाले, “सरी, सरी, अम्मा.” आणि त्यांनी अक्कांपुढे हात जोडले. अक्कांनी डोळे पुसून त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. हवालदारानं उसाचे दोन करवे घेतले. पाच मिनिटांत रघुपतींची बायको हळदीकुंकू लावून घेत होती आणि बायकांचा असा कलकलाट सुरू झाला की नागही जागे व्हावेत.

देवस्थळींची छाती अभिमानानं भरून आली. त्यांनी मंडळातल्या कृष्णातला गाठलं. कृष्णात चिक्कोडीकडचा, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात सुपरवायझर, दोन्ही भाषा सारख्याच येणारा.

“काय झापलं रे तिनं त्या माणसाला! मला सगळं सांग. एकही वाक्य गाळू नकोस.”

“जाऊ द्या की सर,” कृष्णात म्हणाला. “मिटलंय न्हवं?”

“नाही, नाही. सुरुवातीला काय म्हणाली?”

कृष्णातनं इकडंतिकडं पाहिलं. “वैनी म्हणाल्या, दुसऱ्याच्या चुका काढण्यापलीकडं तुम्हाला काय येतं का?”

“शाब्बास! अगदी बरोबर ओळखलं. शिट्टी घेऊन फिरत असतो. पुढे?”

“चार माणसं हसायला लागली की तुमच्या पोटात का दुखतंय, म्हणाल्या.”

“हुबेहूब! अरे, माणसाचा स्वभाव बघितल्याबरोबर कळतो तिला. मग?”

“मग म्हणाल्या, सगळं तुमच्या नियमानं व्हायला पाहिजे. आणि चूक तुमची झाली की मग नियम कुठं जातोय?”

“वा! वा! याला म्हणतात मुद्द्याचं बोलणं.”

“मग...” कृष्णात थांबला.

“सांग की.”

“मग म्हणाल्या, आठ वर्षं झाली. लिफ्टमधी माझ्याशी कोण बोलत न्हाई. गाणं सुटलं. आता हे एकच ठिकाण उरलंय माझं. ते तरी राहू द्या, पाया पडते तुमच्या.”

देवस्थळींनी पाराकडे पाहिलं. पाराभोवती सगळ्यांनी आता बॅटऱ्यांचे लाल कागद काढून टाकले होते आणि पांढऱ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. त्यांना राग आला. चांगला जोराचा आला. तो कुणावर काढायचा हे पाहायला त्यांनी सवयीनं आजूबाजूला नजर फिरवली, पण त्या बागेत एकही माणूस त्या कामाचा दिसेना. कृष्णात तेवढ्यात सटकला होता.

आठला शिट्टी झाली. फाटकापाशी अलका भेटली. कपाळभर हळदीकुंकू, घसा बसलेला, आणि हातात रघुपतींच्या बायकोनं दिलेली कढीपत्त्याची जुडी.

“काय सांगत होता कृष्णात?” तिनं विचारलं.

“काही नाही,” देवस्थळी म्हणाले. “म्हणाला, वहिनींनी सेक्रेटरीला चांगलंच झापलं.”

“सेक्रेटरींना?” अलका म्हणाली. “त्यांना मी कशाला झापीन? त्या बिचाऱ्यांना मी ओळखतसुद्धा नाही.” तिनं जुडी पिशवीत नीट ठेवली. “त्यांची बायको गाणं शिकवते. गुरुवारपासून ये म्हणालीय.”

“मी सोडतो ना तुला,” देवस्थळी म्हणाले.

“नको,” अलका म्हणाली. “मला घर माहीत आहे.”